भाड्याच्या गाडीनं कुटुंबासह नेपाळला निघताय? इसार देण्याआधी एवढं वाचा

शिंदखेडा : कापसाचे पैसे हातात आले, घरातलं लग्नकार्य उरकलं, की आपल्या तालुक्यात लांबच्या प्रवासाच्या गप्पा सुरू होतात. पूर्वी या गप्पा काशी-प्रयागपर्यंत जाऊन थांबायच्या. आता त्या पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथपर्यंत पोहोचतात. व्हिसा लागत नाही, हिंदी चालते, वरण-भात मिळतो आणि गाडी थेट जाते. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांचा पहिला परदेश नेपाळच असतो.

पण परदेश तो परदेशच. तिथं आपल्या गाडीचा विमा, आपलं परमिट, आपलं आरोग्य कार्ड यांतलं काय चालतं आणि काय सीमेवरच थांबतं, हे निघायच्या आधी माहीत असायला हवं. बहुतेक घरांत ‘गाडी कोणाची आणि किती रुपये किलोमीटर’ एवढंच ठरतं. बाकीचं वाटेत बघू, असं म्हणून लोक निघतात.

खान्देशाला याची आठवण करून द्यायची गरज नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भारतीय यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीच्या काठावर कोसळली. २७ जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक जण भुसावळ तालुक्यातल्या वरणगाव आणि आसपासच्या गावांचे होते. बस उत्तर प्रदेशातून भाड्यानं घेतलेली होती. मृतदेह हवाई दलाच्या विमानानं महाराष्ट्रात आणावे लागले. त्याआधी सहाच आठवडे, १२ जुलै २०२४ ला, चितवनजवळ सिमलताल इथं दरड कोसळून दोन बसगाड्या प्रवाशांसह त्रिशूली नदीत गेल्या होत्या.

ही माहिती घाबरवण्यासाठी नाही. दरवर्षी कितीतरी लोक नेपाळला जाऊन सुखरूप परत येतात. पण दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आणि डोंगरातल्या रस्त्यावरच्या आहेत, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी महिना ठरवा, मग गाडी

आपल्याकडे पेरण्या आटोपल्या की श्रावणात थोडी सवड मिळते. देवदर्शनाचाही तोच महिना. म्हणून अनेक सहली जुलै-ऑगस्टमध्ये निघतात. नेपाळच्या डोंगरी रस्त्यांसाठी मात्र हाच सगळ्यात वाईट काळ आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत तिथं दरडी कोसळतात, रस्ते तासन् तास बंद पडतात. २०२४ मध्ये तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही काठमांडू आणि परिसरात पूर आणि दरडींनी दोनशेहून जास्त बळी घेतले.

चांगले महिने दोन टप्प्यांत येतात. पहिला टप्पा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर. तेव्हा हवा स्वच्छ असते, हिमशिखरं दिसतात. अडचण एवढीच की आपल्याकडे तेव्हा कापूस वेचणी चालू असते. दुसरा टप्पा मार्च ते मे. रब्बी निघालेली असते, शाळेच्या परीक्षाही संपत आलेल्या असतात. शेतकरी कुटुंबाला एप्रिल सगळ्यात सोयीचा पडतो.

दसऱ्याच्या सुमारास तिथं ‘दशैं’ असतो. तो त्यांचा सगळ्यात मोठा सण. सगळा देश गावाकडे निघतो, गाड्या मिळत नाहीत, भाडी वाढतात, कचेऱ्या बंद राहतात. ते दिवस टाळलेले बरे.

गाडी घेण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग : गावातूनच गाडी करायची आणि तीच नेपाळभर फिरवायची. नरडाण्याहून मुंबई-आग्रा महामार्ग धरला की सेंधवा, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर आणि मग सोनौली सीमा. हे अंतर साधारण १,४०० किलोमीटर पडतं. रात्री गाडी चालवायची नाही असं ठरवलं तर एका बाजूला तीन दिवस जातात. सीमेवर पोहोचेपर्यंत म्हातारी माणसं आणि ड्रायव्हर दोघंही थकलेले असतात. आणि खरा डोंगर तर तिथून पुढे सुरू होतो.

दुसरा मार्ग : रेल्वेनं गोरखपूर गाठायचं आणि तिथून भारतीय गाडी करायची. भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेस आणि काशी एक्सप्रेस गोरखपूरला जातात. प्रवासाला एक रात्र आणि एक दिवस धरून चाला. गोरखपूर ते सोनौली शंभरेक किलोमीटर आहे. तिथले ड्रायव्हर नेपाळच्या फेऱ्या करणारे असतात, त्यांना सीमेवरची कामं माहीत असतात.

तिसरा मार्ग : रेल्वेनं गोरखपूर, तिथून सोनौली, सीमा पायी ओलांडायची आणि पलीकडे नेपाळी गाडी नेपाळी ड्रायव्हरसह करायची. यात आपल्या गाडीच्या परवानगीचा, विम्याचा, रोजच्या शुल्काचा प्रश्नच उरत नाही. रस्ता कुठं बंद आहे, कुठं काम चालू आहे, हे तिथल्या माणसाला फोनवर कळतं. पर्यटकांसाठीच्या नेपाळी गाड्यांची नंबरप्लेट हिरवी असते, सार्वजनिक वाहनांची काळी आणि खासगी गाडीची लाल. भाड्यानं घेताना लाल पाटीची गाडी नको.

घरात साठीच्या पुढची माणसं किंवा लहान मुलं असतील, तर तिसरा मार्ग सगळ्यात कमी डोकेदुखीचा आहे. गावातल्या ड्रायव्हरवर आपला विश्वास असतो आणि तो असावाच. पण बिजासन घाट आणि लळिंग घाट उतरणं वेगळं आणि एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला नदी अशा रस्त्यावर आठ-आठ तास गाडी चालवणं वेगळं. गावची गाडीच न्यायची असेल, तर मुक्तिनाथचा टप्पा तरी पोखऱ्यातून स्थानिक जीप करून पूर्ण करा.

पांढऱ्या पाटीच्या गाडीचा मोह

आता मुद्द्याची गोष्ट. गावात कोणाच्या तरी भाच्याची, मेव्हण्याची सात-सीटर गाडी असते. पाटी पांढरी, म्हणजे खासगी. ‘डिझेल तुमचं, वर एवढे द्या’ असा व्यवहार ठरतो. टॅक्सीपेक्षा स्वस्त पडतं म्हणून सगळे खूश.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट नसलेली गाडी भाड्यानं चालवता येत नाही. खासगी गाडीचा विमाही खासगी वापरापुरता असतो. अपघात झाला आणि गाडी भाड्यानं दिली होती असं निघालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग गाडीमालक, ड्रायव्हर आणि आत बसलेली कुटुंबं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहतात. नातं तुटतं आणि पैसाही जातो.

भाड्याची गाडी म्हणजे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. स्वतः चालवण्यासाठी भाड्यानं मिळणाऱ्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. अशी स्वतः चालवायची गाडी घेणार असाल, तर ती देशाबाहेर न्यायची परवानगी करारात आहे का, हे लेखी पाहा. तोंडी ‘घेऊन जा, काही होत नाही’ याला अर्थ नाही.

आणखी एक : पिवळ्या पाटीच्या गाडीकडे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असलं तरी ते भारतापुरतंच. सीमा ओलांडली की नेपाळची वेगळी परवानगी लागते. ‘याआधी कोणत्या सीमेनं, कधी नेपाळला गेला होतात?’ हा प्रश्न गाडीवाल्याला जरूर विचारा. जुनी पावती दाखवता आली तर उत्तम.

विम्यात ‘नेपाळ’ लिहिलंय का?

आपल्याकडच्या वाहन विम्याची हद्द भारतापुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान या देशांसाठी ती वाढवून मिळते. त्यासाठी निघण्याआधी विमा कंपनीकडे अर्ज करून थोडा जादा हप्ता भरावा लागतो आणि पॉलिसीवर तशी नोंद होते. रक्कम गाडीच्या भाड्यापुढे किरकोळ असते. तरीही बहुतेक जण हे करत नाहीत, कारण कोणी सांगतच नाही.

गाडी ठरवताना पॉलिसीचा फोटो मोबाईलवर मागवा. त्यात तीन गोष्टी बघा : मुदत प्रवास संपेपर्यंत आहे का, गाडी प्रवासी भाड्याची म्हणून नोंदली आहे का, आणि नेपाळची नोंद आहे का. तिसरी नसेल तर ती करून आणण्याची जबाबदारी मालकाची. ती करेपर्यंत इसार देऊ नका.

सीमेवर गाडीचे कागद

नेपाळमध्ये कस्टमला ‘भन्सार’ म्हणतात. भारतीय गाडी आत नेताना भन्सार कार्यालयात जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचं शुल्क भरून पावती घ्यावी लागते. शिवाय वाहतूक कार्यालयाची परवानगी असते. लागणारे कागद असे : मूळ आरसी, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स आणि त्याचं ओळखपत्र. आपलं भारतीय लायसन्स तिथं चालतं. मालक सोबत नसेल, तर त्याचं सहीचं संमतिपत्र आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा.

खासगी भारतीय गाडीला वर्षभरात मिळून ३० दिवसांपेक्षा जास्त नेपाळमध्ये ठेवता येत नाही. पावतीवरची मुदत संपल्यावर गाडी तिथं सापडली तर मोठा दंड होतो. इथं एक फसगत होते. नेपाळचा सरकारी व्यवहार विक्रम संवतावर चालतो. तिथलं वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाच्या ५६-५७ वर्षं पुढे असतं, महिने बैशाख-जेठ असे. पावतीवरची तारीख तिथंच अधिकाऱ्याला विचारून इंग्रजी तारखेत मागच्या बाजूला लिहून घ्या. आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवसांचं शुल्क जास्तच भरा. रस्ता बंद पडला तर तेच दोन दिवस कामाला येतील.

माणसांचे कागद : आधारवर भरवसा नको

सगळ्यात जास्त लोक इथं अडकतात. नेपाळला जाताना १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला दोनपैकी एक कागद लागतो : पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. या वयाच्या माणसाचं आधार कार्ड इथं ग्राह्य नाही.

१५ वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरची माणसं यांना सवलत आहे. त्यांना वय आणि ओळख सांगणारा फोटोचा कागद पुरतो. यात आधार, पॅन, रेशन कार्ड वगैरे चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखपत्र चालतं. दहावी-बारावीची मुलं सोबत असतील तर शाळेला सुट्टी लागण्याआधीच ते घ्या. नंतर मुख्याध्यापक सापडत नाहीत.

सगळं कुटुंब एकत्र असेल आणि एका सज्ञान माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना नातं दाखवणाऱ्या फोटोच्या कागदावर सोडण्याची तरतूदही आहे. पण तिच्यावर विसंबून निघू नका. प्रत्येकाचं मतदार कार्ड मूळ स्वरूपात सोबत हवं.

आता घरी जाऊन एकेक कार्ड काढून बघा. बऱ्याच सुनांच्या कार्डावर अजून माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं. काहींचा फोटो ओळखूच येत नाही. दुरुस्ती किंवा नवीन प्रतीसाठी नमुना ८ भरायचा. गावच्या बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत विचारा. मोबाईलवरूनही अर्ज होतो. कार्ड हातात यायला वेळ लागतो म्हणून हे काम प्रवासाच्या किमान दोन महिने आधी सुरू करा.

मुक्काम कसे लावायचे?

जाहिरातीत आठ-नऊ दिवसांत ‘सगळं नेपाळ’ दाखवतात. ते दिवस वाचवतात कसे? रात्री गाडी चालवून. हा हिशेब मान्य करू नका. नेपाळच्या डोंगरात किलोमीटर मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. पोखरा ते काठमांडू अंतर २०० किलोमीटर, म्हणजे शिंदखेड्याहून नाशिकला जाण्याइतकं. पण त्याला रस्त्याच्या कामांमुळे आठ-दहा तासही लागतात.

रेल्वे आणि तिकडची गाडी असं धरून एक सावकाश आराखडा देतो :

दिवस १-२ : भुसावळहून रेल्वेनं गोरखपूर, मुक्काम.
दिवस ३ : सोनौली सीमा, मग लुंबिनी. बुद्धजन्मस्थान, सीमेपासून फार तर तासाभराचं अंतर. मुक्काम.
दिवस ४ : लुंबिनी ते पोखरा, बुटवल-तानसेन मार्गे. पूर्ण दिवस.
दिवस ५ : पोखरा. फेवा ताल, ताल बाराही, विंध्यवासिनी. विश्रांती.
दिवस ६ : स्थानिक जीपनं कालोपानी किंवा मार्फा. मुक्काम.
दिवस ७ : सकाळी मुक्तिनाथ दर्शन, खाली जोमसोमला मुक्काम.
दिवस ८ : परत पोखरा.
दिवस ९ : राखीव. काहीही ठरवू नका.
दिवस १० : पहाटे निघून काठमांडू.
दिवस ११ : पशुपतिनाथ, बुढानीलकंठ, स्वयंभूनाथ.
दिवस १२ : काठमांडू ते चितवन.
दिवस १३ : चितवन ते सोनौली, गोरखपूर.
दिवस १४-१५ : रेल्वेनं घरी.

नववा दिवस रिकामा का, असं कोणी तरी विचारेलच. तो दिवस दरड, ताप, बंद, बिघाड यांच्यासाठी आहे. काहीच झालं नाही तर पोखऱ्यात आराम करा. ज्या आराखड्यात एकही रिकामा दिवस नसतो, तिथं उशीर भरून काढायला ड्रायव्हरला रात्री पळवलं जातं. परतीचं रेल्वे तिकीट अगदी शेवटच्या दिवसाला चिकटवू नका, त्याचं कारणही हेच.

दोन नियम घरातच ठरवून टाका. सूर्य मावळल्यावर डोंगरात गाडी चालणार नाही. आणि एका दिवसात ड्रायव्हर आठ-नऊ तासांपेक्षा जास्त चालवणार नाही. हे गाडीवाल्याला आधी सांगा, वाटेत सांगून उपयोग नाही.

मुक्तिनाथ : उंचीचा विचार

आपला तालुका तापीकाठचा, सपाट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मुक्तिनाथ त्याच्या दुपटीहून उंच, ३,७०० मीटरच्या वर आहे. तिथं हवा विरळ असते. गाडी थांबते तिथून मंदिरापर्यंत चढही आहे. १०८ धारांचं पाणी बर्फासारखं गार असतं.

हृदयविकार, दमा, वाढलेलं बीपी असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना ‘३,७०० मीटर उंचीवर जाणार आहे’ असं नेमकं सांगून सल्ला घ्यावा. नुसतं ‘नेपाळला जातोय’ म्हटल्यावर डॉक्टरांना अंदाज येत नाही. एका दिवसात पोखऱ्याहून थेट वर जाऊ नका, मध्ये मुक्काम करा. डोकं सारखं दुखणं, मळमळ, बसल्या जागी धाप, चालताना तोल जाणं अशी लक्षणं दिसली तर दर्शन राहू द्या आणि लगेच खाली उतरा. या त्रासावर खरा उपाय खाली उतरणं हाच. ‘एवढं आलोय तर दर्शन घेऊनच जाऊ’ हा हट्ट जिवावर बेततो. आबा किंवा आजीला पोखऱ्यात कोणासोबत थांबवावं लागलं, तर त्यात कमीपणा नाही.

या भागात जाण्यासाठी अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परवानापत्र लागतं. ते पोखऱ्यात मिळतं. पासपोर्ट आकाराचे फोटो सोबत ठेवा.

पैसा : आयसी की एनसी?

१०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून कायम आहे, रोज बदलत नाही. त्यामुळे बाजारात हिशेब सोपा. पण दुकानदारानं ‘सोळाशे’ म्हटलं की आधी विचारा, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. सोळाशे एनसी म्हणजे आपले हजार. न विचारता दिले तर सहाशे रुपये हवेत गेले.

मोठ्या भारतीय नोटांबद्दलचे नियम नेपाळनं वेळोवेळी बदलले आहेत. २०१८ मध्ये शंभरच्या वरच्या नोटांवर बंदी आली होती. १०० ची नोट मात्र कायम चालत आली. म्हणून बँकेतून शंभरच्या नोटांची बंडलं घेऊन निघा आणि सीमेवर अधिकृत ठिकाणी थोडे नेपाळी रुपये करून घ्या. यूपीआय मार्च २०२४ पासून नेपाळच्या ‘फोनपे’ क्यूआरवर चालू झालं आहे. त्यासाठी आपल्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू करावं लागतं. शहरात सोय होते. डोंगरात रेंज नसते, तिथं रोख लागतेच.

भाड्याचा हिशेब कागदावर

गाडीवाले ‘किलोमीटरप्रमाणे’ म्हणतात, पण त्यात दिवसाची किमान धाव असते. उदाहरण म्हणून पाहा. समजा गावातून गाडी केली, सतरा दिवस, दर १६ रुपये आणि किमान धाव रोज ३०० किलोमीटर. म्हणजे ५,१०० किलोमीटरचे ८१,६०० रुपये. प्रत्यक्ष गाडी धावते साधारण ३,९०० किलोमीटर. उरलेल्या १,२०० किलोमीटरचे १९,२०० रुपये तुम्ही गाडी उभी असताना देता. वर ड्रायव्हरचा भत्ता, रोज ५०० धरला तरी ८,५००. टोल, राज्यांचे कर, भन्सार, पार्किंग वेगळं.

म्हणून मुक्कामाच्या दिवसांसाठी वेगळा दर ठरवा. आणि या गोष्टी साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा : दर, किमान धाव, टोल-कर-भन्सार कोणाकडे, ड्रायव्हरचं जेवण-झोपणं कोणाकडे, गाडी बिघडली तर बदली गाडी कोण देणार, रस्ता बंद पडल्यानं दिवस वाढले तर किती आणि निघणं रद्द झालं तर इसारातले किती परत. ड्रायव्हरला झोपायला खोली द्या. गाडीत झोपलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तुमच्याच जिवावर डुलक्या घेतो.

वाटेत काही झालं तर

महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड नेपाळमध्ये चालत नाही. तिथलं दवाखान्याचं बिल रोखीनं भरावं लागतं. म्हणून परदेश प्रवास विमा काढा. त्यात आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय आणि रुग्णाला परत आणण्याचा खर्च धरलाय का, ते वाचा. रोजच्या गोळ्या आठ दिवसांच्या जास्त घ्या, डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवा.

नेपाळमध्ये पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, वाहतूक पोलीस १०३, पर्यटक पोलीस ११४४. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौर भागात आहे, वीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. दूतावासाचे सध्याचे मदत क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावरून लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत अचानक आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, विमानतळ बंद झाला आणि बरेच भारतीय पर्यटक अडकले. अशा वेळी दूतावासाचा नंबर फोनबुकमध्ये असणं आणि जवळ चार दिवसांची रोख असणं हाच आधार असतो.

दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत तिथले पोलीस फार कडक आहेत, या तपासणीला ते ‘मापसे’ म्हणतात. काठमांडूत २०१७ पासून विनाकारण हॉर्नलाही बंदी आहे. ड्रायव्हरला दोन्ही सांगून ठेवा. आणि घड्याळ : नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे.

घरी काय ठेवून जाल?

निघण्याच्या आदल्या दिवशी एक कागद लिहा. त्यावर गाडीचा नंबर, मालकाचा आणि ड्रायव्हरचा फोन, प्रत्येक दिवसाचा मुक्काम, सोबतच्या सगळ्यांची नावं, रक्तगट, चालू औषधं आणि विमा पॉलिसीचे नंबर असावेत. एक प्रत घरी, एक गावातल्या जबाबदार माणसाकडे. त्याचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाका. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर एकच मेसेज करायचा : ‘पोहोचलो.’ अपघाताची बातमी आली की आपल्या माणसांचा ठावठिकाणा लागेपर्यंत घरच्यांना काही सुचत नाही. हा कागद असेल तर शोध लगेच सुरू होतो.

गाडीवाला उद्या इसार मागायला आला, तर त्याला चार गोष्टी विचारा : पाटी कोणत्या रंगाची? विम्यात नेपाळ आहे का? याआधी कधी गेला होता? आणि रात्री गाडी थांबवणार ना? चारही उत्तरं नीट मिळाली तर खुशाल इसार द्या. एखाद्या उत्तराला तो हसून ‘काही होत नाही, भाऊ’ म्हणाला, तर दुसरी गाडी बघा.